पुस्तकातला ‘बॉइस्ड.’ आणि पॅरिसचा डॉक्टर ब्वादुवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी पदवीला असताना कपाशीच्या किडींमध्ये ‘इअरियास इन्सुलाना बॉइस्ड.’ असं घोकलं होतं. आता निवृत्तीनंतर फुलपाखरं बघायचा नाद लागला, तर तिथल्या यादीत स्मॉल ऑरेंज टिपच्या पुढे ‘कोलोटिस एट्रिडा (ब्वादुवाल, 1836)’ असं दिसलं. किडीच्या आणि फुलपाखराच्या नावापुढचे हे दोघे गृहस्थ एकच का? हा गृहस्थ कधी भारतात आला होता का? आणि एका ठिकाणी नाव कंसात, दुसऱ्या ठिकाणी कंसाशिवाय, हे काय गौडबंगाल आहे?

दोघे एकच. भारतात आला नव्हता. कंसाचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, ते शेवटी घेतो.

पूर्ण नाव झाँ बातिस्त आल्फाँस देशोफूर द ब्वादुवाल. एवढं लांबलचक नाव प्रत्येक किडीपुढे कोण लिहिणार, म्हणून पुस्तकवाल्यांनी आडनावाची पहिली पाच रोमन अक्षरं (Boisd) घेऊन पुढे टिंब दिलं आणि त्याचा ‘बॉइस्ड.’ झाला. वर्गात आम्हीही तसंच म्हणायचो. परीक्षेत मार्क स्पेलिंगला होते, उच्चाराला नव्हते. त्याचा जन्म 24 जून 1799 चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात ओर्न जिल्ह्यातल्या तिशव्हील या लहानशा गावी. मृत्यूही त्याच गावी, 30 डिसेंबर 1879 रोजी. मधली बहुतेक कारकीर्द पॅरिसची.

शिक्षणाने तो डॉक्टर. त्या काळी वैद्यकी शिकणाऱ्याला वनस्पतिशास्त्र आलंच पाहिजे, कारण औषधं झाडपाल्याचीच. ब्वादुवालने ते परीक्षेपुरतं न ठेवता 1828 साली फ्रान्सच्या वनस्पतींवर तीन खंडांचा ग्रंथच काढला. पुढे वनस्पतींच्या एका प्रजातीला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) त्याच्यावरून ‘ब्वादुवालिया’ असं नावही मिळालं. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. पतंगांचा अभ्यास करणाऱ्याला अळी कुठल्या झाडावर आहे हे ओळखता आलं नाही, तर त्याचं निम्मं काम तिथेच अडतं.

कीटकांकडे तो आला भुंगेऱ्यांच्या वाटेने. पॅरिसमध्ये त्या वेळी कीटकशास्त्राचा दरारा होता तो पिएर आंद्रे लात्रेय याचा. लात्रेय मूळचा धर्मगुरू. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात पडला आणि कोठडीत सापडलेला एक बारका भुंगेरा त्याने ओळखला. त्यावरून एका तरुण निसर्गअभ्यासकाशी ओळख निघाली आणि त्याची सुटका झाली, ही गोष्ट कीटकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. ब्वादुवालची या लात्रेयशी चांगली ओळख होती. दुसरा मोठा माणूस म्हणजे काउंट देजाँ, नेपोलियनचा सेनापती. लढाईवर असतानाही हा भुंगेरे गोळा करी, आणि शिरस्त्राणाच्या आत बूच चिकटवून त्यात टाचण्या टोची असं सांगतात. त्याच्या संग्रहात भुंगेऱ्यांच्या 22,000 हून अधिक जाती होत्या. जगात तेव्हा असा दुसरा संग्रह नव्हता. तो सांभाळायचं, लावायचं काम ब्वादुवालकडे आलं.

संग्रह सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. टाचणी गंजते, पंखाला बुरशी येते, संग्रहालयातले बारके भुंगेरे पेटीत शिरले की महिन्याभरात पतंगाचं पीठ होतं आणि टाचणीवर नुसती चिठ्ठी उरते. रोज पेट्या उघडायच्या, कापूर बदलायचा, चिठ्ठी तपासायची. पण हे कंटाळवाणं काम करता करता डोळा तयार होतो. एकाच जातीचे पन्नास नमुने ओळीने लावले की फरक कुठे संपतो आणि जात कुठे सुरू होते हे हाताला कळायला लागतं. पुस्तक वाचून ते येत नाही.

29 फेब्रुवारी 1832 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ब्वादुवाल होता. लंडनची संस्था त्यानंतर वर्षभराने निघाली. पण त्याआधीच, 1829 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना त्याचं तीन आघाड्यांवर काम चालू झालं होतं: युरोपातल्या फुलपाखरं-पतंगांची वर्गवारीने यादी, झायजिनिड कुळातल्या दिवसा उडणाऱ्या पतंगांवर स्वतंत्र ग्रंथ, आणि उत्तर अमेरिकेतल्या फुलपाखरांवर सचित्र पुस्तक.

तिसऱ्याकडे नीट बघा. पॅरिसमध्ये बसून अमेरिकेवर पुस्तक कसं होतं? जॉर्जिया राज्यात जॉन ॲबट नावाचा इंग्रज चित्रकार राहत होता. तो अळी, कोष, पतंग आणि अळीचं झाड एकाच चित्रात रंगवायचा. ती चित्रं जॉन लकाँत या अमेरिकी अभ्यासकाच्या हातून पॅरिसला आली. मजकूर, नावं, छपाई ब्वादुवालने बघितली. पुस्तकावर नावं ब्वादुवाल आणि लकाँत या दोघांची. रानात फिरला होता तो ॲबट.

ब्वादुवालच्या कामाची सगळी घडण अशीच आहे. पकडणारा एक, आणणारा दुसरा, नाव देणारा तिसरा. आणि यादीत उरतो तो फक्त तिसरा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं हेच आहे. जातीच्या पुढचं नाव हे शोधकर्त्याचं नाव नसतं. ज्याने पहिल्यांदा वर्णन छापलं, त्याचं ते नाव. या फरकामुळे ब्वादुवाल लहान होत नाही, पण त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

जहाजांचंही तेच. 1822 ते 1825 या काळात ‘कोकिय’ हे फ्रेंच जहाज दुपेरे याच्या हाताखाली जगाची फेरी मारून आलं. परत आल्यावर त्याचंच नाव बदलून ‘आस्त्रोलाब’ ठेवलं गेलं आणि द्युमाँ द्युर्व्हिल 1826 मध्ये तेच जहाज घेऊन पुन्हा निघाला, तो 1829 ला परतला. पुस्तकांत दोन वेगळ्या जहाजांसारखा उल्लेख असतो म्हणून सांगितलं. प्रशांत महासागरातली बेटं, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया इथून आलेले कीटक ब्वादुवालने अभ्यासले आणि 1832 मध्ये त्यातल्या फुलपाखरं-पतंगांचा खंड छापला. त्यात त्याने एक नवी प्रजाती केली, ऑर्निथॉप्टेरा, म्हणजे पक्ष्याचे पंख असलेली. इंग्रजीतलं ‘बर्डविंग’ त्यावरूनच आलं. आपल्या सिंधुदुर्गात, गोव्यात दिसणारं सह्याद्री बर्डविंग आज ट्रॉइडिस प्रजातीत आहे, पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत तेही ऑर्निथॉप्टेरात लिहिलेलं सापडतं. त्या फुलपाखराची जात म्हणून वर्णन मात्र क्रामरचं, 1779 चं. ब्वादुवालचा त्यात फक्त आडनावापुरता वाटा, आणि तोही आता गेला.

आता 1833. विदर्भात किंवा कोकणात शेतीशी संबंध असलेल्या माणसासाठी ब्वादुवालचं हे सगळ्यात कामाचं वर्ष. त्या वर्षी त्याने मादागास्कर, बूरबाँ (आजचं रेयुनियाँ) आणि मॉरिशस या बेटांवरच्या फुलपाखरं-पतंगांचं पुस्तक काढलं. जाडजूड नाही. पण पुस्तकाच्या नावातच ‘स्गाँझँ यांच्या टिपणांसह’ असा उल्लेख आहे. स्गाँझँ हा मादागास्करच्या बाजूला नेमणुकीवर असलेला फ्रेंच सैन्यातला कॅप्टन. अळ्या, कोष, त्यांच्या सवयी याबद्दलची टिपणं त्याची. ज्याने प्रत्यक्ष बघितलं त्याचं नाव ब्वादुवालने मुखपृष्ठावर घातलं, ही गोष्ट मी त्याच्या खात्यावर जमा धरतो.

या एका पुस्तकातून शेतीच्या तीन कीडनावांचा उगम आहे.

पहिलं तुमचं इअरियास इन्सुलाना. इन्सुलाना म्हणजे बेटावरची, कारण नमुने बेटांवरचे. प्रत्यक्षात ही जात आफ्रिकेपासून भारतापर्यंत आणि पुढेही पसरलेली आहे, पण ते ब्वादुवालला पेटीतल्या नमुन्यावरून कळणार कसं? आपल्याकडे जिला ठिपक्यांची बोंडअळी म्हणतात त्यात दोन जाती येतात, ही आणि इअरियास विटेला. प्रकाश सापळ्यात दोन्ही येतात. टेबलावर शेजारी ठेवल्या की गोंधळ राहत नाही. विटेलाचा पुढचा पंख फिकट, दुधाळ पिवळसर, आणि त्यावर मुळापासून कडेपर्यंत रुंद होत गेलेला हिरवा पट्टा. इन्सुलानाचा पुढचा पंख सगळाच हिरवा. कोरड्या दिवसांत मात्र तो पिवळा, कधी तपकिरीकडे झुकलेला असतो, आणि नवख्याला तिसरीच जात वाटते. अळीतही फरक आहे. इन्सुलानाच्या अंगावरचे मांसल काटे लांब आणि ठळक, विटेलाचे आखूड. म्हणून इंग्रजीत एकीला स्पायनी आणि दुसरीला स्पॉटेड म्हणतात. अळी आधी कोवळे शेंडे पोखरते, शेंडा मान टाकतो. मग पात्या, फुलं आणि बोंडं. कपाशी नसेल तर भेंडी आहेच. 2002 नंतर बीटी कपाशी आल्यावर या दोघींचा जोर ओसरला आणि गुलाबी बोंडअळीने उचल खाल्ली, हे तुम्हाला माहीतच आहे.

गंमत म्हणजे ब्वादुवालने इन्सुलानाला टॉर्ट्रिक्स या प्रजातीत टाकलं होतं. टॉर्ट्रिक्स म्हणजे पानं गुंडाळणाऱ्या अळ्यांचे पतंग, आणि युरोपात ओकवर त्यातला एक हिरवागार पतंग असतो. लहान, हिरवा, पंख कौलासारखे मिटून बसणारा. पेटीत मेलेल्या अवस्थेत दोन्ही सारखेच दिसतात. बोंडात शिरलेली अळी बघितली असती तर तो असं करता ना.

दुसरं नाव स्पोडोप्टेरा मॉरिशिया, भातावरची लष्करी अळी. कोकणातल्या शेतकऱ्याला नावाशी घेणं नाही, पण तरव्यावर (भाताच्या रोपवाटिकेवर) एका रात्रीत शेकडोंनी उतरून सकाळी नुसती खुंटं ठेवणारी अळी त्याला ठाऊक असते. दिवसा ती ढेकळांत, धसांच्या बुडाशी लपते. वाफ्यात पाणी बांधलं की अळ्या वर येतात आणि बगळे-साळुंक्या उरलेलं काम करतात. हा उपाय औषधापेक्षा जुना आहे आणि तरव्यापुरता अजूनही चांगला.

तिसरं स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस. ही भारतात नाही. आफ्रिका, भूमध्य सागराचा परिसर, इजिप्तची कपाशी हे तिचं राज्य. तरी सांगतो, कारण आपल्या तंबाखू, सोयाबीन, भुईमूग, कोबीवरच्या पाने खाणाऱ्या अळीशी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युराशी, तिची इतकी सरमिसळ झाली की विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंत दोन्ही एकच समजल्या जात. पंखांवरची नक्षी जवळपास सारखी. पोटाचा शेवटचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये शिजवून, मऊ करून, जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा दोन वेगळ्या निघाल्या. त्यामुळे जुन्या शोधनिबंधात ‘प्रोडेनिया लिट्युरा, इजिप्त’ (प्रोडेनिया हे स्पोडोप्टेराचं जुनं नाव) असं वाचलं तर ती आपली अळी नव्हे, ब्वादुवालवाली आहे असं धरून चाला. कीटकनाशकांना प्रतिकाराचे जुने आकडे वाचताना हा घोळ अजून पाय अडकवतो.

आता फुलपाखरांकडे. 1836 साली त्याने जे पुस्तक हाती घेतलं ते त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि बहुधा कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. त्याच्या आधी गोदार याने 1819 ते 1824 या काळात फ्रेंच ज्ञानकोशात फुलपाखरांचं मोठं प्रकरण लिहिलं होतं. गोदार 1825 मध्ये वारला. ब्वादुवालने ठरवलं की जगातल्या सगळ्या फुलपाखरांचं आणि पतंगांचं, जातवार, पहिल्यापासून वर्णन करायचं. प्रकाशक रोरे याच्या, ब्युफाँच्या जुन्या निसर्गग्रंथाला जोड म्हणून काढलेल्या मालिकेत त्याचा पहिला खंड निघाला. त्याच्या मजकुरात दोन मोठी कुळं आली: शेपटीवाल्या मोठ्या फुलपाखरांचं पॅपिलिओनिड कुळ आणि पांढऱ्या-पिवळ्यांचं पिएरिड कुळ. फुलपाखरांचा दुसरा खंड कधी आलाच नाही.

तुमच्या यादीत एक गोष्ट तपासून बघा. 1836 सालचा ब्वादुवाल जिथे भेटेल तिथे बहुधा पांढरं-पिवळं फुलपाखरू असेल. कोलोटिस एट्रिडा पिएरिड. युरेमा लीटा, म्हणजे स्पॉटलेस ग्रास यलो, तेही पिएरिड, तेही 1836. त्याला ही फुलपाखरं जास्त आवडत होती अशातला भाग नाही. ग्रंथ तिथेच थांबला. पुढच्या कुळांची नावं इतरांच्या वाट्याला गेली, त्यात इंग्रज आले, जर्मन आले.

त्याच मालिकेत पतंगांचे खंड पुढे आशिल ग्युने या वकिलाने लिहिले, 1852 पासून. वांग्यावरची शेंडे व फळं पोखरणारी अळी, ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस, ही त्याची, 1854 ची. भातावरची पाने गुंडाळणारी अळीही त्याचीच, त्याच वर्षीची. म्हणजे एका फ्रेंच प्रकाशकाच्या मालिकेतून आपल्या कृषी पदवीच्या अभ्यासक्रमाचा चांगला मोठा तुकडा बाहेर पडला आहे.

एट्रिडा तुम्ही बघितलंच आहे, तरी एकदा उन्हं चढताना कोरड्या माळावर नीट निरखा. बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं, पांढरं, पुढच्या पंखाच्या टोकाला नारिंगी ठिगळ आणि त्याला काळी चौकट. पंखाच्या मध्यावर एक काळा ठिपका. उड्डाण जमिनीलगत, भराभर. वाघाटीच्या कुळातल्या, कॅडाबासारख्या झुडपांभोवती मादी घुटमळताना दिसेल. ब्वादुवालने त्याला अँथोकॅरिस या प्रजातीत ठेवलं, कारण युरोपात नारिंगी टोकाचं जे पांढरं फुलपाखरू आहे ते त्यात होतं. दिसण्यावरून शेजार ठरवला. पण युरोपातलं ते मोहरीच्या कुळावर वाढतं आणि आपलं वाघाटीच्या. पुढे प्रजाती बदलली.

लीटाच्या बाबतीत दुसरी अडचण आहे. पावसाळ्यात त्याच्या पंखाचं खालचं अंग साधं पिवळं असतं. हिवाळा-उन्हाळ्यात तेच गुलाबी-तपकिरी होतं, त्यावर तिरप्या तांबूस रेघा येतात, पुढच्या पंखाचं टोक चौकोनी होतं. वाळलेल्या गवतात बसलं तर सापडत नाही. पॅरिसच्या पेटीत ही दोन रूपं दोन वेगळ्या चिठ्ठ्यांसह आली, तर दोन जाती ठरणारच. एकोणिसाव्या शतकातल्या आशियाई फुलपाखरांच्या नावांत अशी जोडनावं ढिगाने आहेत. हा गुंता पेट्यांवरून सुटला नाही. अंड्यापासून अळ्या वाढवून बघितल्यावर सुटला, आणि भारतात त्यातलं बरंच काम कलकत्त्यात द निसव्हिलने 1880 च्या दशकात केलं.

मग भारतातले नमुने पॅरिसला पोचत कसे? पुदुच्चेरी, चंद्रनगर, माहे ही ठाणी फ्रेंचांकडे होती. लेशनो पुदुच्चेरीत होता, द्युव्होसेल चंद्रनगरात. पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयासाठी हे लोक पक्षी, प्राणी, बिया, कीटक पाठवत. महाराष्ट्राशी थेट धागा असलेला माणूस म्हणजे व्हिक्तोर झाकमाँ. हिमालय, काश्मीर पालथं घालून तो 1832 मध्ये पुण्यात आला, तिथून मुंबईला गेला आणि 7 डिसेंबर 1832 रोजी मुंबईतच वारला, वयाच्या 31 व्या वर्षी. त्याच्या संग्रहातल्या कीटकांचं काम मात्र ब्वादुवालकडे नव्हतं, ते एमिल ब्लाँशारने केलं. ब्वादुवाल पॅरिसमध्ये टेबलाशी बसून नावं देत होता त्याच वर्षांत झाकमाँ इथे मरत होता, एवढं तारखा शेजारी ठेवल्यावर दिसतं.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो. रांब्यूर आणि ग्रास्लँ यांच्या सोबतीने त्याने युरोपातल्या अळ्यांचा सचित्र संग्रह काढला, हे त्याचं उत्तम काम आहे आणि त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. फुलपाखरांची चित्रं कुणीही विकत घेतो. अळ्यांची चित्रं काढायला अळ्या वाढवाव्या लागतात, कारण मेलेल्या अळीचा रंग टिकत नाही.

1850 मध्ये सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला गेलेल्या गर्दीत पिएर लोर्केँ नावाचा फ्रेंच माणूस होता. त्याने फुलपाखरं धरली आणि ब्वादुवालला पाठवली. 1852 मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं. एकाला ब्वादुवालने लोर्केँचंच नाव दिलं: लिमेनिटिस लोर्किनी. कॅलिफोर्नियाचा राज्य-कीटक असलेलं डॉगफेस फुलपाखरू, तेही ब्वादुवालने नाव दिलेलंच. पण या संचातलं आज सगळ्यात जास्त बोललं जाणारं नाव वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर एक लहान निळं फुलपाखरू होतं. त्याला ब्वादुवालने इराणच्या प्राचीन सम्राटाचं नाव फ्रेंच वळणाने दिलं, झर्सेस. शहर वाढत गेलं, टेकड्यांवर घरं झाली, अळ्यांची झाडं गेली आणि 1940 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते कुणाला दिसलं नाही. माणसाच्या वस्तीने नाहीसं झालेलं अमेरिकेतलं फुलपाखरू म्हणून त्याचं उदाहरण देतात. कीटकसंवर्धनासाठी 1971 मध्ये निघालेल्या अमेरिकी संस्थेने त्याचंच नाव घेतलं. 2021 मध्ये शिकागोच्या संग्रहालयातल्या 93 वर्षं जुन्या नमुन्यातून डीएनए काढून ती खरोखर वेगळी जात होती हे तपासलं गेलं. टाचणीवरच्या वाळक्या नमुन्याचं काय करायचं, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देतो.

लोर्केँच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र फारसं काही नव्हतं. ‘कॅलिफोर्निया’. एवढंच. महाराष्ट्रापेक्षा मोठा प्रदेश, त्यात समुद्रकिनारा, वाळवंट, बर्फाचे डोंगर. त्यामुळे ब्वादुवालने वर्णन केलेली जात नेमकी कुठली, यावर पुढे शंभर वर्षं डोकेफोड झाली. 1998 मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी मूळ नमुने पुन्हा काढले, लोर्केँ कुठे कुठे हिंडला असेल याचा माग काढला आणि एकेका नावाला ठरावीक नमुना व ठरावीक जागा बांधून दिली.

ते नमुने सापडले हेही नशीबच म्हणायचं. ब्वादुवालचा फुलपाखरं-पतंगांचा संग्रह रेन शहरातल्या छापखानेवाल्या शार्ल ओबर्थूरकडे गेला. ओबर्थूर हा पैसेवाला आणि वेडा संग्राहक. त्याच्याकडे लाखोंनी नमुने होते, आणि त्याने ब्वादुवालच्या कित्येक मूळ नमुन्यांची रंगीत चित्रं छापून मोठे उपकार केले. 1924 मध्ये तो गेला आणि संग्रह फुटला. मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने घेतला. कॅलिफोर्नियाचे मूळ नमुने बार्न्स या अमेरिकी डॉक्टरकडून वॉशिंग्टनला सरकारी संग्रहात पोचले. ब्वादुवालचे सोंडे भुंगेरे ब्रसेल्सला आहेत. एका माणसाचं काम तपासायचं तर आज तीन-चार देशांत पत्रं लिहावी लागतात.

म्हातारपणी ब्वादुवाल बागेकडे वळला. 1867 मध्ये त्याने बागायती पिकांवरच्या किडींचं पुस्तक लिहिलं. माळी, फळबागवाले, काचघरवाले यांच्यासाठी. सिन्योरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1869 मध्ये ऑर्किडवरच्या एका खवले किडीला त्याचं नाव दिलं, डायास्पिस ब्वादुवाली. आजही ऑर्किडच्या पानांच्या बुडाशी कापसासारखा पांढरा थर दिसला तर नर्सरीवाले याच किडीचं नाव घेतात. माझ्या मते एका कीटकशास्त्रज्ञाला सुंदर फुलपाखरापेक्षा हा मान मोठा, पण हे माझं मत आहे. फुलपाखरूवाले मान्य करणार नाहीत. 1870 च्या दशकात, पंच्याहत्तरी गाठताना, त्याने त्या जुन्या अपुऱ्या मालिकेत आणखी एक खंड घातला, स्फिंक्स पतंगांचा. फुलपाखरांचा राहिलेला भाग मात्र तसाच राहिला.

आता कंस. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे, ज्याने जातीचं नाव दिलं त्याने ती ज्या प्रजातीत ठेवली होती, ती आजही त्याच प्रजातीत असेल तर नाव आणि वर्ष कंसाशिवाय. प्रजाती बदलली असेल तर कंसात. एट्रिडा अँथोकॅरिसमधून कोलोटिसमध्ये गेली, म्हणून कंस. वांग्याची अळी ग्युनेने 1854 मध्ये ल्युसिनोडिस या स्वतःच केलेल्या प्रजातीत ठेवली आणि ती अजून तिथेच आहे, म्हणून ‘ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस ग्युने, 1854’, कंस नाही. वनस्पतींचा नियम वेगळा आहे, तिथे कंसाबाहेर दुसरं नावही येतं, ते इथे मिसळू नका.

मग इअरियास इन्सुलाना बॉइस्ड. ला कंस का नव्हता? नियमाने हवा होता. ब्वादुवालने ती टॉर्ट्रिक्समध्ये ठेवली होती. पीकसंरक्षणाच्या पुस्तकांत जागा वाचवायला कंस आणि वर्ष दोन्ही गाळायची जुनी पद्धत आहे, आणि एका पुस्तकावरून दुसरं उतरत गेलं की ते तसंच पुढे जातं. शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात लेखकाचं नाव लिहायची गरजच नाही. फुलपाखरांच्या हौशी यादीतही नसलं तरी बिघडत नाही. निबंध किंवा संग्रहालयाची नोंद असेल तर मात्र पूर्ण लिहा: इअरियास इन्सुलाना (ब्वादुवाल, 1833).

आणि तुम्ही स्वतः नमुना ठेवणार असाल तर चिठ्ठीवर जातीचं नाव सगळ्यात शेवटी, वेगळ्या कागदावर. आधी गाव, तालुका, जिल्हा, उंची, तारीख, कुठल्या झाडावर मिळाला, आणि कुणी धरला त्याचं नाव. शेतमजुराने धरून दिला असेल तर त्याचंच लिहा, तुमचं नाही.